लेयाला आई आठवते कशी?

‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या १९८३ च्या चित्रपटात, इवॉकांच्या गावात, रात्री ल्यूक लेयाला विचारतो, की तुला तुझी खरी आई आठवते का? लेया म्हणते, थोडीशी. मी अगदी लहान असताना ती गेली. पण काही चित्रं, काही भावना राहिल्या आहेत. आई देखणी होती, मायाळू होती, आणि दुःखी होती. बावीस वर्षांनी, २००५ मध्ये, ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ आला. त्यात लेयाची आई पॅडमे ल्यूक आणि लेया या जुळ्यांना जन्म देते, त्यांची नावं ठेवते आणि तिथेच प्राण सोडते. मग लेयाला आठवलं ते काय?

‘स्टार वॉर्स’वर जीव असलेल्या प्रेक्षकाला ही फट कधी ना कधी टोचलेली असते. बहुतेक जण वाद घालून थांबतात. काही जण मात्र संगणकापुढे बसून ती बुजवायला घेतात. उपलब्ध चित्रपट घ्यायचा, नवं काही चित्रित न करता किंवा अगदी थोडी भर घालून कापाकापी आणि फेरजुळणी करायची आणि आपली आवृत्ती तयार करायची, याला फॅन एडिट म्हणतात. हा प्रकार गाजला तो ‘द फँटम एडिट’मुळे. माइक जे. निकोल्स या संपादकाने ‘द फँटम मेनेस’ (१९९९) मधली सुमारे वीस मिनिटं उडवून ती आवृत्ती केली होती आणि व्हीएचएस कॅसेटींवरून ती हातोहात पसरली. तिथे उद्देश मुख्यतः गती वाढवण्याचा होता. कथेतल्या फटी बुजवणं हे त्याहून नाजूक काम आहे. गतीसाठी कापताना एखादा प्रसंग गेला तर गेला. फट बुजवताना मात्र प्रत्येक काप दुसऱ्या भागातल्या कुठल्या तरी वाक्याशी बांधलेला असतो.

हे काम करू पाहणाऱ्यांना माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं एकच आहे: फट जेवढी, तेवढाच काप. एका वाक्याची चूक काढायला दहा मिनिटांचा चित्रपट मोडणारी संपादनं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यातली बरीच तर्काला पटतात आणि मनाला लागत नाहीत.

आधी फट खरी आहे का ते ठरवा. दोन गोष्टी एकमेकींना खोटं पाडत असतील तर ती फट. एखादी गोष्ट सांगितलेली नसेल तर ती फक्त न सांगितलेली गोष्ट. हा फरक न केल्यामुळे लोक नको तिथे कात्री लावतात. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ (१९८०) मध्ये ओबी-वानचा आत्मा ल्यूकला सांगतो, की मला योडाने शिकवलं. १९९९ मध्ये कळलं, की त्याचा गुरू क्वाय-गॉन होता. विसंगती? नाही. २००२ च्या ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’मध्ये योडा लहान मुलांच्या वर्गाला शिकवताना दिसतो, म्हणजे जेडाय मुलांचे पहिले धडे त्याच्याकडे होतात. किंवा ल्यूकच्या ओवेन काकांचं घ्या. सी-थ्रीपीओ हा ड्रॉइड त्यांच्या शेतावर राहिला होता, तरी १९७७ च्या चित्रपटात ते त्याला ओळखत नाहीत. पण शेतावर होता तेव्हा तो सोनेरी नव्हता, आणि त्याच्यासारखे ड्रॉइड त्या विश्वात ढिगाने आहेत. बेन केनोबी, म्हणजे ओबी-वानच, म्हणतो, की आपल्या मालकीचा ड्रॉइड असल्याचं आपल्याला आठवत नाही. पण आर-टू हा ड्रॉइड त्याच्या मालकीचा कधी नव्हताच. असल्या ठिकाणी कात्री लावू नका. तुमची फटींची यादी निम्म्याहून कमी होईल, आणि ते चांगलंच आहे.

काही फटी तर मालिकेनेच नंतर बुजवल्या. डेथ स्टार हे एवढं प्रचंड अवकाशस्थानक एका छोट्याशा झरोक्यातून उडतं कसं, यावर लोक वर्षानुवर्षं हसत होते. ‘रोग वन’ (२०१६) ने उत्तर दिलं, की ती कमजोरी गेलन अर्सो या शास्त्रज्ञाने मुद्दाम ठेवली होती. एकाही जुन्या दृश्याला हात न लावता त्याचा अर्थ बदलला. ही पद्धत डोक्यात ठेवा. जुन्या दृश्याला हात लावण्याआधी बघा, की दुसरीकडे काही हलवून त्याचा अर्थ बदलता येतो का.

आता कागदाचं काम. संगणक बंद ठेवा. मालिकेतला प्रत्येक चित्रपट पुन्हा पाहा आणि एक तक्ता करा: प्रसंग कोणता, तिथे कोण हजर आहे, या प्रसंगात कोणाला काय कळतं, आणि ते कळल्यानंतर तो माणूस काय करतो. कंटाळवाणं काम आहे, पण सर्वांत महत्त्वाचं हेच. चित्रमालिकांतल्या खऱ्या फटींपैकी मोठा वाटा ‘हे याला कधी कळलं’ याच जातीचा असतो, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत, तक्त्यात दिसतात.

तक्ता न करता दुरुस्ती केली तर काय होतं याचं उदाहरण खुद्द अधिकृत आवृत्तीत आहे. ‘एम्पायर’मध्ये सम्राटाची होलोग्रामची प्रतिमा व्हेडरशी बोलते. १९८० मध्ये त्या सम्राटाला आवाज क्लाइव्ह रेव्हिल यांचा होता. पुढच्या चित्रपटांत सम्राटाची भूमिका इयन मॅकडार्मिड यांनी केली, तेव्हा २००४ च्या डीव्हीडीसाठी हे दृश्य बदलून त्यात मॅकडार्मिड यांना आणलं. चेहऱ्याची विसंगती मिटली. पण त्याबरोबर संवादही बदलले. नव्या संवादात सम्राट सांगतो, की डेथ स्टार उडवणारा तो पोरगा अनाकिन स्कायवॉकरचा मुलगा आहे, आणि व्हेडर विचारतो, हे कसं शक्य आहे? वरवर ठीक वाटतं, कारण व्हेडर म्हणजेच पूर्वीचा अनाकिन, आणि २००५ च्या चित्रपटाअखेर त्याची समजूत अशी होते, की गरोदर पत्नी त्याच्याच हातून मेली. अडचण अशी, की ‘एम्पायर’च्या सुरुवातीला सरकणारा मजकूर सांगतो, की तरुण स्कायवॉकरला शोधण्याने व्हेडर झपाटला आहे. आडनाव त्याला ठाऊक आहे, शोध चालू आहे, आणि मग चकित का व्हायचं? मूळच्या संवादात हा प्रश्न नव्हता. तिथे व्हेडर शांतपणे हो म्हणतो. चेहरा बदलून थांबले असते तर फट मिटली असती. संवाद बदलला आणि दुसरी उघडली. हे दृश्य दुरुस्त करायचं तर चेहरा नवा ठेवून व्हेडरचा तो प्रश्न काढा. मुखवट्यामागचे ओठ दिसत नाहीत, त्यामुळे हे काम दिसतं त्यापेक्षा सोपं आहे.

आता लेयाकडे येऊ. या एका फटीवर तीन उपाय आहेत आणि तिन्हींची तुलना केली की या कामातलं बहुतेक सगळं कळतं.

पहिला उपाय २००५ च्या चित्रपटात कात्री लावण्याचा. वैद्यकीय ड्रॉइड सांगतो, की शरीर ठणठणीत आहे पण जगण्याची इच्छा संपली आहे, ते निदान काढायचं. पॅडमेचा मृत्यू काढायचा. नाबूवरची अंत्ययात्रा काढायची. मुलांची नावं ठेवली, अनाकिनमध्ये अजून चांगुलपणा शिल्लक आहे एवढं ती ओबी-वानला म्हणाली, की दृश्य थांबवायचं. यात एक मोठा मोह आहे. सम्राट पॅल्पटीन नंतर व्हेडरला सांगतो, की रागाच्या भरात तूच तिला मारलंस. पॅडमे जिवंत असेल तर हे वाक्य सरळ खोटं ठरतं, आणि पॅल्पटीनच्या तोंडी असं खोटं शोभून दिसतं. शिवाय लेयाला आई आठवायला वाट मिळते. पण पुढे बघा. बेल ऑर्गाना म्हणतो, की मुलगी मी आणि माझी पत्नी वाढवू. आई जिवंत असताना? तिथे नवी फट. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की संपूर्ण चित्रपटात अनाकिनला पॅडमेच्या मृत्यूची स्वप्नं पडतात, तो मृत्यू टाळण्यासाठी तो अंधाराकडे वळतो, आणि त्या वळण्यानेच ती मरते. हा चित्रपटाचा कणा आहे. एका वाक्यासाठी तुम्ही कणा काढताय.

दुसरा उपाय ‘जेडाय’मधला आईबद्दलचा सगळा संवाद काढण्याचा. तांत्रिकदृष्ट्या हा फार स्वच्छ काप आहे. लेया येऊन विचारते, काय झालं? तिथून थेट ल्यूकच्या उत्तरावर जाता येतं, की व्हेडर इथेच आहे, याच चंद्रावर. जोड कळतही नाही. नवशिक्यांना हाच आवडतो. पण ल्यूक तिथे एक गोष्ट बोलतो, जी तो आणखी कुठेच बोलत नाही: आईची मला काहीच आठवण नाही, मी तिला कधी पाहिलंच नाही. वडिलांना सामोरं जायच्या जरा आधी हा मुलगा आईबद्दल विचारतो, हे काढलं तर प्रसंग बातमी सांगण्यापुरता उरतो.

तिसरा उपाय फक्त एक वाक्य काढण्याचा. मी लहान असताना ती गेली, एवढंच. ‘थोडीशी आठवते’ राहू द्या, त्यानंतर ल्यूकच्या चेहऱ्यावर क्षणभर थांबा, आणि त्याचा पुढचा प्रश्न येऊ द्या. लेयाचं चित्रांचं आणि भावनांचं उत्तर तसंच राहील. आणि थोड्याच वेळात, त्याच प्रसंगात, ल्यूक तिला सांगतो, की ही शक्ती माझ्या घराण्यात आहे, वडिलांत आहे, माझ्यात आहे आणि माझ्या बहिणीत आहे. म्हणजे आईची ती अस्पष्ट चित्रं लेयाला कुठून मिळाली, याचं उत्तर प्रसंग स्वतःच देतो. तेही न सांगता. मला विचाराल तर या फटीवर याहून चांगला उपाय नाही.

पण लिहायला सोपा आणि करायला अवघड. वाक्य काढलं की त्याच्यामागचा पार्श्वभूमीचा आवाजही तुटतो. कानाला हे डोळ्यांपेक्षा लवकर कळतं. म्हणून आवाजाकडे नीट बघा. घरी पाहायच्या डिस्कवर बहुतेक वेळा सहा वाहिन्यांचा आवाज असतो: डावा, उजवा, मधला, खालच्या घुमणाऱ्या सुरांचा आणि मागचे दोन. संवाद मुख्यतः मधल्या वाहिनीत असतो. संगीत आणि परिसराचे आवाज इतरत्र जास्त. त्यामुळे अनेकदा मधल्या वाहिनीतलं वाक्य पुसून बाकी पाच जशाच्या तशा ठेवता येतात. संगीत तुटत नाही. मधल्या वाहिनीत जी पोकळी पडेल तिथे त्याच प्रसंगातला, कोणी बोलत नसतानाचा आवाज भरा. प्रत्येक प्रसंगातून असा दोन-चार सेकंदांचा निव्वळ शांततेचा तुकडा आधीच वेगळा काढून ठेवायची सवय लावा. शांतताही प्रत्येक जागेची वेगळी असते. जंगलातली यानाच्या आत चालणार नाही. मधल्या वाहिनीत संगीतही मिसळलं असेल तर आवाज वेगळे करणारी डेमक्स किंवा स्प्लीटरसारखी मोफत साधनं आहेत. ती चांगली आहेत, पण हेडफोन लावून ऐका. संवाद काढल्यावर त्याची पुसट सावली बऱ्याचदा राहते.

चित्राला एकाच जागी कापलं आणि आवाजालाही तिथेच कापलं, तर जोड उघडा पडतो. आवाज चित्राच्या थोडा आधी किंवा थोडा नंतर बदला. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचा शॉट हा तुमचा सर्वांत मोठा आधार आहे, कारण बोलणारा दिसत नसला की त्याच्या तोंडचं वाक्य काढता येतं, आखूड करता येतं, दुसऱ्या प्रसंगातून आणताही येतं. म्हणून तक्ता करताना असे वापरता येण्याजोगे चेहरे वेळेसह लिहून ठेवा.

या युक्त्या चाहत्यांनी शोधलेल्या नाहीत. १९७७ च्या मूळ चित्रपटाला संपादनाचं ऑस्कर मिळालं, ते पॉल हर्श, मार्शा लुकास आणि रिचर्ड च्यू या तिघांना. शेवटच्या लढाईत डेथ स्टार बंडखोरांच्या तळाला अमुक मिनिटांत निशाण्यावर घेणार, ही जी घड्याळाची टिकटिक आपल्याला खुर्चीला खिळवून ठेवते, ती मूळ पटकथेत तशी नव्हती. ती संपादनात उभी राहिली: ध्वनिक्षेपकावरच्या उद्घोषणा, पडद्यांवरच्या आकृत्या, इतरत्रचे शॉट. तो शेवट एकदा आवाज बंद करून पाहा, आणि एकदा चित्र झाकून फक्त ऐका. धोका चित्रात किती आहे आणि आवाजात किती, हे कळेल. फट बुजवण्याचं याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही.

‘स्टार वॉर्स’मध्ये काम करणाऱ्याला आणखी दोन सोयी आहेत. मुखवटे आणि परक्या भाषा. व्हेडर, सी-थ्रीपीओ, स्टॉर्मट्रूपर यांचे ओठ हलत नाहीत. जबा, ग्रीडो आणि इतर कित्येक पात्रं अशा भाषांत बोलतात, की त्यांचा अर्थ फक्त खालच्या उपशीर्षकांत असतो. उपशीर्षक बदला, संवाद बदलतो. १९९७ च्या विशेष आवृत्तीत जबा आणि हान सोलोचं जुनं, वगळलेलं दृश्य परत घातलं गेलं, आणि त्यामुळे ग्रीडोच्या प्रसंगातलीच बरीच माहिती पुन्हा ऐकावी लागते. दृश्य काढायचं नसेल तर निदान जबाची उपशीर्षकं नव्याने लिहून ती पुनरुक्ती कमी करता येते. या सोयीचा मोह आवरा, एवढंच. पात्राच्या तोंडी त्याच्या स्वभावात न बसणारी माहिती घातली, की प्रेक्षकाला तिथे तुमचा हात दिसतो.

तिसरी सोय म्हणजे सुरुवातीचा सरकणारा पिवळा मजकूर. काही माहिती चित्रपटात नसतेच. कापून ती आणता येत नाही. ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ (२०१९) मध्ये पॅल्पटीन परत येतो, पण कसा, हे पुरेसं सांगितलं जात नाही. त्याने साऱ्या विश्वाला दिलेली धमकी मजकुरात नुसती उल्लेखिली जाते. ती प्रत्यक्ष ऐकू आली ती ‘फोर्टनाइट’ या व्हिडिओ गेममध्ये. तिकीट काढून आलेल्या माणसावर हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. इथे मजकूर नव्याने लिहिणं हाच स्वस्त आणि प्रामाणिक उपाय. तीन छोटे परिच्छेद, त्याहून जास्त नको, आणि मालिकेत आधीच आलेल्या गोष्टींपलीकडे नवं काही घुसवू नका.

साधनांबद्दल थोडक्यात. डाव्हिंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. जुना संगणक असेल तर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट. प्रकल्प सुरू करतानाच फ्रेमचा वेग मूळ प्रतीइतका, बहुधा सेकंदाला २३.९७६, ठेवा. पंचवीस किंवा तीस ठेवला तर काही फ्रेम दोनदा येऊन हालचाल अडखळेल. संपादनासाठी प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरसारख्या हलक्या दाबाच्या फाइली वापरा. जागा भरपूर लागते, पण जोडावर चित्र अडखळत नाही. सहा वाहिन्या सहा वेगळ्या वेव फाइलींत काढून घ्या. पूर्ण मालिकेचं काम एकाच प्रकल्पात ठेवू नका, दर चित्रपटाला वेगळा ठेवा.

कायद्याचं बोलायलाच हवं. चित्रपट तुमचा नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली खासगी किंवा वैयक्तिक वापर आणि टीका-समीक्षा यांसाठी न्याय्य वापराला जागा आहे. ती जागा घराबाहेर वाटण्याची किंवा विकण्याची नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ६५अ डिस्कवरची तांत्रिक कुलुपं तोडण्याबद्दल आहे. फाइल काढण्याआधी तेही वाचा. कलम ५७ मध्ये कलाकृतीची मोडतोड होऊन लौकिकाला धक्का बसत असेल तर दाद मागण्याचा कर्त्याचा हक्क आहे. परदेशातले मराठी वाचक आपापल्या देशाचा कायदा पाहतील. अमेरिकेत कुलूप तोडण्याचे नियम अधिक कडक आहेत. जुन्या फॅन एडिटरांचा शिरस्ता असा, की मूळ चित्रपट स्वतः विकत घेतलेला असावा आणि संपादनातून एक पैसाही कमवू नये. याहून पुढे जाऊन मी म्हणेन, की तुमची प्रत घरातच ठेवा आणि बाहेर द्यायचीच असेल तर बदलांची यादी द्या. कोणत्या मिनिटाला काय काढलं, का काढलं, त्याने काय जुळलं. तसं पाहिलं तर खरं काम त्या यादीतच असतं, आणि ती पूर्णपणे तुमची असते.

काम झालं असं वाटलं, की दोन प्रेक्षक शोधा. एक मालिका पाठ असलेला. त्याला काहीच सांगू नका. जिथे तो दचकेल तिथे जोड दिसला असं समजा. दुसरा प्रेक्षक ज्याने यातलं काहीच पाहिलेलं नाही. भाची, पुतण्या, मालिकेच्या वाटेला न गेलेला मित्र, कोणीही. चाहत्याच्या डोक्यात काढलेले प्रसंग अजून चालूच असतात, त्यामुळे गोष्ट तुटली तरी त्याला कळत नाही. नवख्याला लगेच कळतं. पाहताना तो जे प्रश्न विचारील ते वेळेसह लिहून घ्या आणि उत्तर देऊ नका. चित्रपट संपल्यावर त्याच्याकडून गोष्ट सांगून घ्या. लेयाच्या प्रसंगानंतर तो ‘हिला आई कशी आठवते’ असं विचारतो का, ‘हिच्यातही ती शक्ती आहे तर’ असं म्हणतो, की त्याला काहीच खटकत नाही, यावरून काप जमला की नाही ते ठरवा. नाही जमला तर मूळ वाक्य परत जागेवर ठेवा, आणि बदलांच्या यादीत तसं नोंदवा.